इंग्रजी अडते तिथून पुढे

छत्रपती संभाजीनगरातल्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कारखान्यातल्या अभियंत्याला इंग्रजी येत नाही असे म्हणता येणार नाही. तो ईमेल लिहितो, मशीनचे मॅन्युअल वाचतो, ऑडिटरच्या ठरावीक प्रश्नांना ठरावीक उत्तरे देतो. अडते ते त्यापुढे. बैठकीत विषय जरा बाजूला सरकला किंवा जेवताना कामापलीकडच्या गप्पा निघाल्या, की मनातले ओठांवर येत नाही. मग तीन महिन्यांत इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासची पाटी दिसते आणि पुन्हा काळ, प्रयोग, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह सुरू होते. माझे म्हणणे असे, की हा माणूस व्याकरणापाशी अडलेलाच नाही. येते तेवढ्या इंग्रजीत त्याचे भागते, म्हणून तो तिथे थांबला आहे. पुढे जायचे तर जिथे भागत नाही अशा इंग्रजीत त्याला रोज काही वेळ राहावे लागेल.

याचे कारण शब्दांच्या हिशेबात आहे. सर्वाधिक वापरातले सुमारे २,००० शब्द, एकेका शब्दाची सगळी रूपे एक धरून, येत असले तर साधारण मजकुरातल्या दर पाच शब्दांपैकी चार ओळखीचे निघतात. पण वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर पॉल नेशन या भाषाशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या हिशेबाने ८,००० ते ९,००० शब्द लागतात. सुरुवातीला आज शिकलेला शब्द उद्या पुन्हा भेटतो. पाच हजारावा शब्द मात्र भरपूर वाचल्याशिवाय महिनोन्‌महिने भेटत नाही, आणि भेटला नाही की विसरतो. प्रगती थांबल्यासारखी वाटते ती इथे. केंब्रिजच्या परीक्षा मंडळाच्या अंदाजाप्रमाणे बी-१ या मधल्या पातळीपर्यंत ३५० ते ४०० तासांचे शिक्षण लागते आणि सी-१ या सफाईच्या पातळीपर्यंत ७०० ते ८००. म्हणजे मधले अंतर साडेतीनशे-चारशे तासांचे. रोज तासभराचा तीन महिन्यांचा क्लास सुट्ट्या वजा जाता सत्तर-पंच्याहत्तर तासांवर संपतो. शिक्षक कितीही चांगला असला तरी हे गणित बदलत नाही.

‘इथे इंग्रजीचे वातावरण कुठे आहे?’ हा आक्षेप नेहमी येतो. वेरूळ-अजिंठ्याच्या चांगल्या गाइडांकडे पाहिले तर त्याचे उत्तर मिळते. त्यांच्या घरात मराठी, हिंदी किंवा उर्दू असते. त्यांचे इंग्रजी एका विषयापुरते असते, पण त्या विषयात खोल असते. कैलास लेणे वरून खाली कोरत आणले, हे ते रोज सांगतात. ऐकणारा मात्र रोज नवा असतो, आणि तो मध्येच विचारतो की एवढा दगड गेला कुठे, छिन्नी चुकली तर काय करत, मजुरी कोण देई. पाठ केलेले तिथे संपते, वाक्य नव्याने जुळवावे लागते, आणि ते जुळले की नाही हे पाहुण्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसते. ईमेलला असा चेहरा नसतो, म्हणून ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ वर्षानुवर्षे चालत राहते. शिवाय भोवती इंग्रजी बोलणारे किती, यावर सगळेच अवलंबून नसते. निजामाच्या काळात इथला कारभार आणि उच्च शिक्षण उर्दूतून चाले. तरीही मौलवी अब्दुल हक यांनी याच शहरातून चालवलेल्या अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेने मोठा इंग्रजी-उर्दू कोश सिद्ध केला. तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

नुसते वाचून-ऐकून भागेल का? नाही. कॅनडात इंग्रजी घरांतली मुले वर्षानुवर्षे फ्रेंचमधून शाळा शिकली. त्यांना फ्रेंच उत्तम समजू लागले, पण बोलण्या-लिहिण्यातल्या चुका राहिल्या, हे भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. म्हणून रोज एक तास काढून त्यातला अर्धा वेळ वाचनाला द्यावा, तोही आपल्याच विषयाच्या, कारण एका विषयात तेच शब्द पुन्हा पुन्हा समोर येतात. मग दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण थांबवत थांबवत शब्दशः लिहून काढावे आणि सबटायटलशी ताडून पाहावे. निसटलेले शब्द बहुतेक वेळा अवघड नसतात. ते ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’ असतात. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो, इंग्रजीत एकावर जोर पडतो आणि आजूबाजूचे गिळले जाते. हे कानाला उमगले, की समोरचा भरभर बोलतो ही तक्रार निम्म्याने कमी होते. शेवटी वाचलेलेच मोठ्याने सांगावे, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. तिसऱ्या फेरीत शब्द शोधायला वेळच नसतो आणि अख्खे शब्दसमूह जोडून बाहेर पडतात. हे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकताना चूक एकच पकडावी, ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’ किंवा गाळलेला ‘द’. सगळ्या चुकांवर एकदम पहारा बसवला तर बोलणेच बंद पडते.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये आले. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाला उशीर झाल्यासारखे वाटते. उच्चारांपुरते ते खरेही आहे. पोलिश जोसेफ कॉनरॅड विशीत इंग्रजी शिकला आणि त्या भाषेचा मोठा कादंबरीकार झाला, पण त्याचे उच्चार शेवटपर्यंत परके राहिले. शेंद्र्याच्या बैठकीत त्याने काही बिघडत नाही. पलीकडचा झेक किंवा जर्मनही आपल्याच वळणाने बोलत असतो. वेळेचा आक्षेप मात्र मला झटकता येत नाही. पाळीत काम करणाऱ्याने हा तास आणायचा कुठून? कंपनीच्या बसमध्ये ऐकणे होईल, बोलणे होणार नाही. म्हणून बोलण्याची जागा कामाच्या वेळेतच हवी. वर्षातून एकदा दोन दिवसांची कार्यशाळा घेण्याऐवजी आठवड्यातून दोनदा अर्धा तास कामगाराने स्वतःचे मशीन इंग्रजीत समजावून सांगावे आणि दुसऱ्या विभागातल्या माणसाने प्रश्न विचारावेत. गटाला शिक्षक एकच असला तरी चालेल. प्रश्न विचारणारा मात्र दर वेळी वेगळा हवा.