रात्रीचा विनोद आणि बातमीची सत्यता: अमेरिकन दूरचित्रवाणीचा मागोवा

अमेरिकन दूरचित्रवाणीवर रात्रीच्या बातम्यांनंतर लागणाऱ्या, सूत्रसंचालकाच्या विनोदी निवेदनाने सुरू होऊन पुढे पाहुण्यांशी गप्पांकडे वळणाऱ्या कार्यक्रमांना ‘लेट नाइट’ म्हणतात, आणि दिवसभराच्या घडामोडींवर टिप्पणी करणाऱ्या त्या आरंभीच्या निवेदनाला ‘मोनोलॉग’ असे नाव आहे. या कार्यक्रमांच्या गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा घेताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: सूत्रसंचालक सांगतो ते खरे असते का, हा अचूकतेचा प्रश्न, आणि खरे असले तरी ते कोणाविषयी व किती वेळा सांगितले जाते, हा पक्षपाताचा. सार्वजनिक वादांत या दोहोंची सतत गल्लत झाली असून त्यामुळे विनोदकारांचे टीकाकार आणि पाठीराखे दोघेही बहुधा चुकीच्या जागी लढत राहिले आहेत.

१९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे ‘टुनाइट शो’ सांभाळणारे जॉनी कार्सन पक्षीय भूमिका कटाक्षाने टाळत, तरीही अचूकतेचा प्रश्न त्यांच्याच काळात पुढे आला. डिसेंबर १९७३मध्ये अमेरिकन कायदेमंडळातील विस्कॉन्सिनचे प्रतिनिधी हॅरॉल्ड फ्रेलिक यांनी शौचालयात वापरल्या जाणाऱ्या कागदाची पुढील काही महिन्यांत टंचाई जाणवू शकते अशी शक्यता वर्तवली होती. कार्सन यांच्या विनोदात ती शक्यता टंचाईच होऊन आली आणि तेलसंकटाने आधीच धास्तावलेल्या लोकांनी दुकानांतील कागद भराभर उचलल्याने नसलेली टंचाई खरोखर निर्माण झाली. कार्सन यांना पुढे प्रेक्षकांपुढे खुलासा करावा लागला. येथे कोणी खोटे रचले नव्हते. मूळ विधानातील ‘कदाचित’ तेवढे गळले होते, आणि विनोदाच्या रचनेत सर्वांत आधी गळतो तो नेमका असाच शब्द.

हाच प्रकार पुढे राजकीय नेत्यांच्या बाबतीत वारंवार घडला. इंटरनेटच्या निर्मितीसाठी आपण काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकन कायदेमंडळात, पुढाकार घेतला, असे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी मार्च १९९९मध्ये सीएनएनवर काहीशा ढिसाळ शब्दांत सांगितले होते. विनोदकारांच्या तोंडी त्याचे ‘गोर म्हणतात, इंटरनेटचा शोध मीच लावला’ असे झाले. २००८मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांनी अलास्काच्या भूमीवरून रशिया दिसू शकतो असे म्हटले, आणि त्यानंतर ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या प्रहसनांच्या कार्यक्रमात पेलिन साकारणाऱ्या टीना फे यांनी ‘माझ्या घरातून रशिया दिसतो’ असे वाक्य उच्चारले. आज असंख्य लोकांना ते वाक्य खुद्द पेलिन यांचे वाटते. या उदाहरणांत एक नेता डेमोक्रॅटिक पक्षाचा आणि दुसरा रिपब्लिकन पक्षाचा आहे, म्हणजे विपर्यास होण्यासाठी पक्षपाताची गरज नव्हती.

या विनोदाचे वजन वाढले ते जॉन स्ट्युअर्ट यांच्यामुळे. १९९९पासून ‘डेली शो’चे सूत्रसंचालन करताना त्यांनी नेत्यांच्या आजच्या विधानाशेजारी त्यांचेच जुने, नेमके उलट विधान ठेवण्याची पद्धत इतकी परिणामकारक केली की अनेक वृत्तवाहिन्यांना आपले काम अपुरे वाटावे. प्यू संशोधन केंद्राच्या २००४च्या पाहणीत तीस वर्षांखालील २१ टक्के लोकांनी निवडणुकीची माहिती विनोदी कार्यक्रमांतून नियमित मिळते असे सांगितले, तर प्रमुख वाहिन्यांच्या सायंकाळच्या बातम्यांचे प्रमाण २३ टक्के होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सीएनएनच्या ‘क्रॉसफायर’ या वादचर्चेत स्ट्युअर्ट यांनी सूत्रसंचालकांना खडसावले, आणि त्यांच्या स्वतःच्या मवाळ मुलाखतींचा प्रश्न आला तेव्हा आपल्या कार्यक्रमाआधी बाहुल्यांचा खोडसाळ खेळ लागतो, असे सांगून जबाबदारी नाकारली. हा बचाव तेव्हाच अपुरा होता, कारण ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात त्याला आपला व्यवसाय विनोदाचा आहे एवढे म्हणून सुटता येत नाही. पण स्ट्युअर्ट यांचे वर्तन त्यांच्या बचावापेक्षा चांगले होते. २०११मध्ये फॉक्स न्यूजच्या प्रेक्षकांना प्रत्येक पाहणीत सर्वाधिक चुकीची माहिती असल्याचे आढळते, असे विधान त्यांनी केले आणि ‘पॉलिटिफॅक्ट’ या तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थेने, म्हणजे सार्वजनिक विधाने पुराव्यांशी ताडून पाहणाऱ्या संस्थेने, ते असत्य ठरवले. तेव्हा त्यांनी आपल्याच कार्यक्रमात चूक कबूल केली.

जॉन ऑलिव्हर यांनी २०१४पासून ‘लास्ट वीक टुनाइट’मध्ये हीच जबाबदारी कामाच्या पद्धतीतच गुंफली: एका विषयावर दीर्घ मांडणी, तिच्यामागे संशोधकांचा चमू आणि प्रक्षेपणापूर्वी प्रत्येक दाव्याची छाननी. अशाच एका मांडणीवरून कोळसा उद्योजक रॉबर्ट मरी यांच्या कंपनीने २०१७मध्ये ऑलिव्हर यांच्यावर भरलेला बदनामीचा दावा न्यायालयाने फेटाळला.

ऑलिव्हर यांच्या कार्यक्रमातील बहुतेक वाक्ये तपासणीत टिकतात, आणि तरीही त्यांची राजकीय बाजू कोणालाही कळते. पक्षपात प्रामुख्याने निवडीत असतो. मीडिया अँड पब्लिक अफेअर्स केंद्राचे रॉबर्ट लिक्टर यांनी अनेक वर्षे विनोदांची मोजदाद केली. नव्वदच्या दशकापासूनच्या नोंदींत दीर्घकाळ अग्रस्थानी होते ते डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन, त्यामुळे सत्ता आणि वैयक्तिक भानगड हेच विनोदाचे खरे लक्ष्य, असे तेव्हा म्हणता येत होते. सप्टेंबर २०२०मध्ये मात्र सूत्रसंचालक स्टीफन कोल्बेर आणि जिमी फॅलन यांच्या, अध्यक्षपदाच्या दोन्ही उमेदवारांवरील विनोदांपैकी ९७ टक्के डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर होते. ट्रम्प सत्तेवर होते आणि सतत चर्चेत होते, हे मान्य करूनही एवढी तफावत केवळ सत्तेच्या तर्काने सुटत नाही. प्रेक्षक पक्षनिहाय विभागले गेल्यानंतर प्रत्येक कार्यक्रम आपापल्या बाजूचा झाला, आणि २०२१मध्ये फॉक्सवर रोज लागू लागलेला ग्रेग गटफेल्ड यांचा कार्यक्रम हे त्याचेच उजवे रूप आहे.

२०२५मध्ये या वादात सरकार उतरले. जुलैमध्ये सीबीएसने कोल्बेर यांचा कार्यक्रम आर्थिक कारणे देऊन पुढील मे महिन्यात बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा वाहिनीची मालक कंपनी पॅरामाउंट विलीनीकरणासाठी सरकारी मान्यतेच्या प्रतीक्षेत होती. १५ सप्टेंबर रोजी एबीसी वाहिनीवरील सूत्रसंचालक जिमी किमेल यांनी उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येतील संशयित ट्रम्पसमर्थकांपैकीच असावा असे सुचवणारे वाक्य उच्चारले. दुसऱ्याच दिवशी युटामधील अभियोक्त्यांनी सादर केलेल्या कागदपत्रांत, अलीकडे संशयित डावीकडे झुकला होता, अशी त्याच्या आईने दिलेली माहिती नोंदलेली होती. दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी कारवाईचा इशारा दिला, एबीसीने १७ तारखेला कार्यक्रम थांबवला आणि व्यापक निषेधानंतर २३ तारखेला तो पुन्हा सुरू केला. परवान्यांवर नियंत्रण असलेल्या अधिकाऱ्याने विनोदकाराच्या वाक्यावरून वाहिनीला धमकावणे हे त्या वाक्यापेक्षा कितीतरी गंभीर होते, आणि निषेधाचा रोख तिकडे वळला ते योग्यच झाले; पण त्या गदारोळात किमेल यांचे मूळ सूचन वस्तुस्थितीशी जुळत होते का, ही साधी तपासणी मागे पडली.