पावसाचा आवाज पावसात सापडत नाही

“लोणावळ्याचा पाऊस हवाय ना, मग जुलैत जाऊन रेकॉर्ड करून आणू.” लघुपट किंवा श्रुतिका करायला निघालेल्या मुलांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं आणि ते बिनतोडही वाटतं. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या गावात पावसाच्या आवाजाला काय तोटा? पण भुशी धरणाजवळ केलेलं ते रेकॉर्डिंग घरी आणून डोळे मिटून ऐकावं. स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी सपाट खरखर ऐकू येते. हा पाऊस आहे, असं ऐकणाऱ्याला सांगावं लागतं.

हजारो थेंबांचे आवाज एकाच वेळी एकमेकांत मिसळले की त्यातला कुठलाच थेंब वेगळा उरत नाही. आपण तिथे उभे असतो तेव्हा दोन कान आणि दोन डोळे मिळून त्या कल्लोळातून छत्रीवरची टपटप निराळी काढतात, पत्र्यावरचा ताशा निराळा काढतात. फोनच्या माइकला ही निवड करता येत नाही. शिवाय पाऊस ओळखू येतो तो ज्याच्यावर पडतो त्या वस्तूमुळे. पत्रा, कौलं, केळीचं पान, डोक्यावर ओढलेलं प्लास्टिक, यांतलं काहीच नसेल तर पावसाला स्वतःची ओळख नसते.

म्हणून पाऊस घरी रचावा लागतो, आणि तो थरांनी रचावा लागतो. लांबच्या सरीसाठी कांदाभजी तळताना कढईतून येणारा आवाज उत्तम. फोन तेलाच्या शिंतोड्यांपासून दूर धरावा एवढंच. जवळच्या सरीसाठी सुपातून तांदूळ हळूहळू परातीत सोडायचे. धार लावायची नाही, दाणे विस्कळीत पडले पाहिजेत. परात उपडी ठेवली तर पत्र्याचं छप्पर तयार होतं, परातीवर जाड कागद अंथरला तर छत्री. मावळात तांदळाला कमी नाही. ‘इंद्रायणी’ हा वाण वडगाव मावळच्याच कृषी संशोधन केंद्रातला. नंतर हेच तांदूळ धुऊन शिजवता येतात.

तिसरा थर पागोळ्यांचा, आणि माझ्या मते मावळी पावसाचा जीव या थरात आहे. सर ओसरल्यावरही वळचणीतून पाणी ठिबकत राहतं, ते ऐकलं की घर, ओटा, अंगण सगळं उभं राहतं. इथे आणखी एक समजूत आड येते: थेंब पाण्यावर आपटतो, म्हणून आवाज होतो. प्रत्यक्षात आपटण्याचा आवाज जवळजवळ नसतोच. थेंब पाण्यात खळगा पाडतो, तो मिटताना हवेचा एक बारीक बुडबुडा आत अडकतो, आणि त्या बुडबुड्याच्या थरथरण्यातून ‘टपक्’ उमटतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये वेगवान कॅमेरा आणि माइक लावून हे दाखवलं, आणि पाण्यात भांडी घासायचा साबण मिसळला की आवाज बंद होतो हेही दाखवलं. तेव्हा पागोळ्या रेकॉर्ड करायची बादली साबण राहणार नाही अशी विसळून घ्यावी. बादलीतलं पाणी कमी-जास्त केलं की भोवतालचा घुमाराही बदलतो.

वाऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. टायगर पॉइंटवर माइक धरला तर वारा ऐकू येत नाही. तो माइकच्या पडद्यावर आदळतो आणि नुसती घरघर भरते. वारा वाजायला फट, तार किंवा कडा लागते. जुन्या रंगभूमीवर पट्ट्यापट्ट्यांच्या लाकडी पिंपावर जाड कापड ताणायचे आणि पिंप फिरवायचे. घरी रेशमी साडी टेबलाच्या कडेवरून कमी-अधिक वेगानं ओढली तरी काम होतं.

करवंटी वाजवली की घोडा झाला, असं समजणारे पुष्कळ आहेत. करवंटी बरोबरच आहे, पण घोडा तिच्या ठेक्यात असतो. सावकाश चालणाऱ्या घोड्याचे चार ठोके सुटे पडतात. दुडक्या चालीत दोन पाय एकदम टेकतात म्हणून दोनच ठोके. त्याहून वेगात तीन ठोके आणि मग क्षणभर पोकळी, कारण तेव्हा चारही पाय अधांतरी असतात. बहुतेक नाटकांत या सगळ्या चालींना एकच ‘टकटक’ मिळते. तीही फरशीवरची! लोहगडाच्या पायथ्याशी घोडा येतोय आणि तो पावसाळ्यात येतोय, तर करवंटीत फडकं कोंबावं आणि ती घमेल्यातल्या ओल्या मातीवर आपटावी. भातखाचरातून चालणाऱ्या माणसासाठी वर्तमानपत्र भिजवून त्याचा लगदा घमेल्यात घ्यावा आणि हातानं दाबून सोडावा. पाय आत जातानाच्या आवाजापेक्षा चिखलातून सुटतानाचा ‘पचक्’ महत्त्वाचा, तो गाळला की चिखल वाटत नाही.

हाड मोडल्याच्या आवाजासाठी परदेशात सेलरीचे दांडे मोडतात, हे वाचून काहीजण बाजारात सेलरी शोधत फिरतात. शेवग्याची शेंग घ्यावी. तिचे दोर तुटतानाचा आवाज अंगावर काटा आणतो. काच मात्र कधीच उघड्यावर फोडू नये. रिकाम्या कापडी पिशवीत जुन्या काचेच्या बांगड्या घालून ती पिशवी पाटावर आपटली की पुरतं.

हे सगळं हॉलिवूडचं खूळ आहे, असंही ऐकू येतं. या कलेला युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांचं नाव मिळालं, हे खरं. पण पुण्यात प्रभात फिल्म कंपनीनं १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढला तेव्हा दिग्दर्शक शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत बाजूला ठेवून प्रसंगातल्याच आवाजांवर चित्रपट तोलला. त्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके हे एक पात्रच आहे. त्याच प्रभातच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे आणि तिथे ध्वनीचं शिक्षण दिलं जातं. शिवाय आपल्याकडे अनेक दशकं संवाद नंतर डब होत, त्यामुळे पावलं, बांगड्या, कपबशा असं सगळंच स्टुडिओत नव्यानं वाजवावं लागे. २००१ च्या ‘लगान’नंतर चित्रीकरणाच्या वेळीच आवाज घेण्याकडे कल वाढला, तरी पावलं आजही वेगळी वाजवली जातात.

महागडा माइक हवा, ही समजूत सोडून द्यावी. साधा फोन वस्तूच्या वीतभर जवळ धरला आणि खोलीत दोन-तीन गोधड्या टांगल्या की भिंतींचा घुमारा जातो. मात्र बऱ्याच फोनमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय आपोआप चालू असते. ती माणसाचा आवाज राखते आणि पावसाला कचरा समजून पुसून टाकते. ती आधी बंद करावी.

आता आगगाडी. लोणावळ्याची गोष्ट सांगायची तर गाडी हवीच, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. सँडपेपरचे दोन तुकडे एकमेकांवर घासले की वाफेचं इंजिन होतं, हे बरोबर. पण दोन सिलिंडरच्या इंजिनाचे चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंकार पडतात, आणि बोरघाटाच्या ३७ ला एक अशा चढावर ते जड, सावकाश, एकेक करून येतात. घाट उतरताना वाफ बंद केलेली असते, म्हणून उतरणाऱ्या गाडीला ‘छुकछुक’ देणं चूक. तिथे ब्रेकचं घासणं हवं.

काळही पाहावा. घाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, पण कल्याण–पुणे मार्ग १९२९ च्या अखेरीस विजेवर आला आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी विजेच्या इंजिनावरच निघाली. तरी १९४० सालच्या खंडाळ्याच्या गोष्टीत मेल गाडी धूर ओकत येते, कारण ऐकणाऱ्याला ते पटतं. मला हे मान्य नाही. खरा आवाज त्याहून वेगळा आणि जास्त चांगला होता. १९२८ पासूनच्या मालगाडीच्या विजेच्या इंजिनांना लोक ‘खेकडा’ म्हणत. उभी असताना ती कण्हत आणि चालताना त्यांच्या दांड्यांची सपसप ऐकू येई. त्या कण्हण्यासाठी रिकाम्या हंड्यात तोंड घालून खालच्या सुरात ‘ऊं’ धरावा, आणि सपसपीसाठी फरशीवर खराटा ठेक्यात ओढावा. आधी सावकाश, मग गाडी स्टेशनातून सुटेल तसा जलद.