काचेच्या आतला कोड, काचेवरचा कोड

दुकानात पैसे द्यायची वेळ आली की आपण विचारतो, "स्कॅनर कुठाय?" दुकानदार काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवतो. शब्द इतका रुळला आहे की कुणाला खटकत नाही. पण स्कॅनर म्हणजे वाचणारा, आणि वाचतो तो आपल्या हातातला फोन. भिंतीवरचा चौकोन हा नुसता मजकूर असतो, चिठ्ठीवर लिहून दिलेल्या खाते क्रमांकासारखा. फक्त माणसाच्या डोळ्याला तो वाचता येत नाही. दुकानात हे आड येत नाही, कारण समोर माणूस असतो. पैसे आले की साउंडबॉक्स बोलतो, नाही आले तर दुकानदार विचारतो. स्टेशनवरचं तिकीट यंत्र (एटीव्हीएम), पार्किंगचं यंत्र, ईव्ही चार्जर किंवा एटीएम यांच्यासमोर मात्र आपण एकटे असतो आणि बहुतेक वेळा घाईत असतो.

"मशीनवर लावलाय म्हणजे मशीनचाच असणार"

सगळ्यांत घातक समज हाच. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात जानेवारी २०२२ मध्ये पार्किंगचे पैसे भरायच्या २९ यंत्रांवर बनावट कोडचे स्टिकर सापडले. ऑस्टिनची पालिका तेव्हा पार्किंगसाठी क्यूआर कोड वापरतच नव्हती. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत काही दुकानांवरचे आणि पेट्रोल पंपावरचे कोड रातोरात बदलले गेले आणि ग्राहकांचे पैसे भलत्याच खात्यात जाऊ लागले. एका औषधाच्या दुकानात हा प्रकार उघड झाला तो ग्राहकांमुळे: स्कॅन केल्यावर दुकानाऐवजी वेगळंच नाव दिसत होतं.

तिकीट यंत्राचा खरा कोड काचेच्या आत उमटतो, आणि तोही तुम्ही स्टेशन निवडून, तिकिटांची संख्या टाकून यूपीआयवर बोट ठेवल्यानंतर. तो त्या एका व्यवहारापुरता बनतो. रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक त्यातच असतो, आणि थोड्या वेळाने तो बाद होतो. स्टिकरवरच्या कोडला ना तुमचं स्टेशन ठाऊक, ना भाडं. म्हणून एक साधी खूण पक्की लक्षात ठेवावी: यंत्राने पडद्यावर भाडं दाखवलं आहे आणि तुमचं अॅप मात्र "रक्कम टाका" म्हणतंय, तर तुम्ही भलताच कोड वाचला आहे. छापील कोडचा हा दुबळेपणा चीनने वेळीच ओळखला. तिथल्या मध्यवर्ती बँकेने १ एप्रिल २०१८ पासून अशा स्थिर कोडवरून ग्राहकाला दिवसाला ५०० युआनपर्यंतच पैसे देता येतील, अशी मर्यादा घातली.

काही चार्जरवर आणि पार्किंगच्या जागी खरोखरच छापील कोड असतात. तिथे कोड बाजूला ठेवून त्या कंपनीचं अॅप स्वतः उघडावं आणि यंत्रावर लिहिलेला क्रमांक हाताने टाकावा. अर्धा मिनिट जास्त लागतो, इतकंच.

"वर ओळखीचा लोगो आहे की"

लोगो कुणीही छापू शकतो. शिवाय रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२० मध्ये कंपन्यांना स्वतःपुरते चालणारे नवे कोड काढायला मनाई केली आणि जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना चालतील असे करायला सांगितलं. त्यामुळे एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या अॅपवर चालतो. ही सोय चांगलीच आहे, पण "आपल्या अॅपवर स्कॅन झाला, म्हणजे खरा असणार" हा तर्क तिने मोडीत काढला. कोडच्या मधोमध लोगो बसतो, तोही कोडच्या मूळ कामामुळे. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये क्यूआर कोड मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवला. कारखान्यात तेल-काजळी लागली तरी वाचता यावा म्हणून, सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यातून मजकूर जुळवता येईल, अशी त्याची रचना आहे; लोगोखाली झाकलेला भागही तसाच भरून निघतो. मळलेला कोड वाचता यावा ही काळजी तेव्हा घेतली गेली. तो कोणी लावला, हे सांगायची सोय त्या चौकोनात नाही.

"स्कॅन केलं की खातं रिकामं"

ही भीती दुसऱ्या टोकाची. यूपीआय कोड वाचल्याने पैसे जात नाहीत. ते तुम्ही मंजुरी दिल्यावर, म्हणजे बहुधा पिन टाकल्यावर जातात, आणि पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. अपवाद यूपीआय लाइटचा: तिथे १,००० रुपयांपर्यंत पिन न विचारताच पैसे जातात. तिकिटाची रक्कम बहुधा त्याच टप्प्यात बसते, म्हणजे पिनच्या निमित्ताने मिळणारा थांबा तिथे नसतो.

थांबायचं ते नावापाशी. पूर्वी कोडमध्येच लिहिलेलं नाव अॅप दाखवू शकत असे, आणि कोडमध्ये कुणीही काहीही लिहू शकतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ३० जून २०२५ ची मुदत घालून, पैसे देण्याआधी बँकेत नोंदलेलं नावच दाखवायचं बंधन अॅपवर घातलं. रेल्वेच्या यंत्रासमोर उभे असताना कुणा व्यक्तीचं नाव आलं, तर पुढे जाऊ नका.

"पडद्यावरचा कोड म्हणजे सुरक्षितच"

बऱ्याचदा, पण नेहमी नाही. व्हॉट्सअॅपला दुसरं उपकरण जोडणारा कोडही पडद्यावरच येतो. तो भलत्याच्या पडद्यावरून वाचला तर तुमचे संदेश त्याच्याकडे उघडतात. एटीएमवर यूपीआयने रोकड काढताना कोड यंत्राच्याच पडद्यावरचा वाचायचा, मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या फोनवरचा नव्हे. कोडमधून बँकेची वेबसाइट उघडली तर पत्त्याचा शेवट पाहा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं.

"सावध राहणं ग्राहकाचं काम"

हे मला अजिबात मान्य नाही. यंत्र ज्याचं, त्याने ते रोज पुसून तपासायला हवं आणि पडद्यावर मराठीत ठळकपणे लिहायला हवं: या यंत्रावर कोणताही स्टिकर नाही, कोड फक्त इथेच दिसेल. एवढ्या एका ओळीने स्टिकर चिकटवणाऱ्याचा धंदा बसेल.

तोवर, पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत त्याच्या माथी येतं, त्यानंतरच्या अनधिकृत व्यवहारांचं बँकेच्या. स्टिकर रागाने फाडू नका. आधी यंत्राच्या क्रमांकासह त्याचा फोटो काढा. मग स्टेशन मास्तरला सांगा, आणि त्याआधी रांगेत तुमच्या मागे उभ्या असलेल्याला, कारण त्याने फोन बाहेर काढलेला असतो.