हवेची गन की बॅटरीची गन? टायरच्या दुकानातला एक संशोधन-प्रश्न

उन्हाळ्यात गावी गेलो होतो तेव्हा हिंगोली-औंढा रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानात चाक काढायला थांबलो. दुकानदार काकांनी विचारलं, "पीएचडी करायलास म्हणं. मग एक सांग. हवेची गन हाय माझ्याकडं. आता बॅटरीची घ्यावी का? दोन्हीत चांगली कोणती?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. आपण रिसर्च प्रपोजल लिहिताना नेमकी हीच चूक करतो: "अ चांगलं की ब चांगलं" असा प्रश्न घेऊन थेट मोजायला बसतो. कशासाठी चांगलं, कुठे चांगलं आणि कशाशी तुलना करून, हे ठरलेलंच नसतं. म्हणून आज हाच प्रश्न नीट सोडवून बघू. मेकॅनिकलचे नसाल तरी चालेल.

आधी यंत्र समजून घ्या

दोन्ही गनचं पुढचं डोकं जवळपास सारखंच असतं. आत एक फिरणारा हातोडा असतो. तो गती घेतो आणि पुढच्या दांड्यावर आदळतो, मग सुटून पुन्हा गती घेतो. असे ठोके मिनिटाला शेकडो ते हजारोंनी पडतात. साठवलेली ऊर्जा अगदी थोड्या वेळात नटावर पडते, म्हणून टॉर्क मोठा मिळतो आणि तरीही मनगटाला फारसा पीळ बसत नाही. लांब पान्यावर उभं राहून जे काम होतं, ते गन एका हाताने करते ते यामुळे.

फरक आहे तो मागच्या बाजूला, म्हणजे हातोड्याला गती कोण देतं यात. एकीकडे कॉम्प्रेसरची हवा, दुसरीकडे बॅटरी आणि मोटर. त्यामुळे तुलना दोन गनची नाहीच. एका बाजूला कॉम्प्रेसर, टाकी, पाइप आणि गन आहेत, तर दुसऱ्या बाजूला चार्जर, बॅटरी आणि गन. तुलनेचं एकक काय, हे पहिल्यांदा ठरवा. हे एकक चुकलं की पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही निष्कर्ष चुकतो.

हवेचा हिशोब

समजा टाकी 100 लिटरची आहे आणि दाब 8 बारवरून 6 बारपर्यंत उतरेतोवर गन नीट चालते. म्हणजे वापरता येणारी हवा साधारण 100 × 2 = 200 लिटर. अर्धा इंची गन ट्रिगर दाबून ठेवल्यावर मिनिटाला 15 घनफूट हवा खाते असं धरू. एक घनफूट म्हणजे 28.3 लिटर, तेव्हा झाले सुमारे 425 लिटर. नुसत्या टाकीवर गन जेमतेम 28 सेकंद चालेल. कॉम्प्रेसर सोबत चालू असेल तर वेळ वाढतो, पण छोटा कॉम्प्रेसर गनच्या भुकेला पुरा पडत नाही. चार नट झाले की "जोर कमी झाला" असं वाटतं, ते बऱ्याचदा गनमुळे नसतं. हवा संपलेली असते.

त्यात पाइप लांब आणि बारीक असेल तर दाब वाटेतच पडतो. इथे मोजमापातली एक गंमत बघा. गन बंद असताना मीटर छान 7 बार दाखवतो. ट्रिगर दाबल्यावर गनच्या तोंडाशी किती उरतो, तो आकडा खरा. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं. ते रोज काढलं नाही आणि गनला तेल दिलं नाही, तर आतल्या पात्या खराब होतात.

ऊर्जेच्या बाबतीत हवा खर्चिक आहे. दाबताना बरीचशी वीज उष्णता होऊन निघून जाते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी साधारण 10 ते 15 टक्केच शेवटी कामाला लागते, असं सर्वसाधारण गणित मानलं जातं.

बॅटरीचा हिशोब

18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 90 वॅट-अवर. 2 एचपीचा कॉम्प्रेसर (सुमारे 1.5 किलोवॅट) तेवढी वीज साडेतीन मिनिटांत खातो. बॅटरी छोटी दिसते, पण तिची ऊर्जा वाटेत फारशी वाया जात नाही.

दुकानात एक गन "18 व्होल्ट" आणि दुसरी "20 व्होल्ट मॅक्स" म्हणून ठेवलेली दिसते. आत बहुतेक वेळा तेच पाच सेल असतात. सरासरी 3.6 व्होल्टने गुणलं तर 18 येतात आणि पूर्ण चार्जच्या वेळचा आकडा धरला तर 20. आकडा कोणत्या स्थितीत मोजला, हे विचारल्याशिवाय दोन आकडे शेजारी मांडू नका.

बॅटरीचा शत्रू म्हणजे ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली तापलेली बॅटरी चार्जरला लावली तर बरेच चार्जर ती थंड होईपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाहीत. शिवाय वापरा न वापरा, बॅटरी वर्षागणिक म्हातारी होते. काही वर्षांनी नवी घ्यावी लागणार, हा खर्च आजच धरायला हवा.

"टॉर्क जास्त" म्हणजे काय?

डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला टॉर्क बहुतेक वेळा नट सोडण्याचा असतो. चाक जागेवर धरून ठेवतो तो मात्र बोल्टमधला ताण. साधं सूत्र आहे: टॉर्क = K × व्यास × ताण. 12 मिलिमीटरचा बोल्ट, 100 न्यूटन-मीटर टॉर्क आणि K 0.2 असेल तर ताण सुमारे 42 किलोन्यूटन. आट्यांना तेल लागून K 0.15 झाला, तर त्याच टॉर्कला ताण 56 किलोन्यूटन. गन तीच, टॉर्क तोच, तरी ताण एक तृतीयांशाने वाढला!

म्हणून गन कोणतीही असो, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच करायचं आणि आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्यायचा. ढिला नट जितका धोक्याचा, तितकाच ताणून कमजोर झालेला बोल्टही. इथे चूक झाली तर ती रस्त्यावर कोणाच्या तरी जिवावर बेतते.

प्रयोग कसा लावाल?

एकाच मापाचे नट टॉर्क रेंचने सारखे आवळा. कोणता नट कोणत्या गनने सोडायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर सगळे गंजके नट नकळत एकाच गनच्या वाट्याला येतील. बॅटरी भरलेली, अर्धी आणि संपत आलेली, अशा तिन्ही स्थितींत मोजा. हवेच्या बाजूला टाकी भरलेली असताना आणि सलग वीस नटांनंतर मोजा. सरासरीसोबत फैलावही लिहा. आपल्याच जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाचे 4-4 किलोमीटरचे दोन बाहू उभे राहणार आहेत. तिथेही सिग्नल शोधण्याआधी उपकरणाचा स्वतःचा गोंधळ किती, हेच आधी मोजावं लागतं.

आणि काकांचं काय झालं?

मी काकांना म्हटलं, पंधरा दिवस वहीत नोंद ठेवा. नंतर वही बघितली तर जवळपास सगळी कामं दुकानातलीच. निष्कर्ष सोपा वाटला: कॉम्प्रेसर हवा भरायला लागतोच, हवेची गन आहेच, मग बॅटरीची कशाला?

तेवढ्यात काका म्हणाले, "शेतात ट्रॅक्टर अडकला म्हणून फोन येतात ना, ते म्या लिहिलंच नाही. जमत नाही म्हणून सांगतो त्यांना."

वहीत फक्त झालेली कामं होती. नाकारलेली कामं नव्हती, आणि बॅटरीच्या गनची खरी गरज तिथेच होती. आपल्या थिसिसमध्येही असंच होतं. जे नमुन्यात आलंच नाही, ते टेबलात दिसत नाही.

मग वहीत आणखी एक रकाना वाढवला: "नाही म्हटलेली कामं". लाइट नसताना परत गेलेलं गिऱ्हाईकही त्यातच लिहायचं. या रकान्यातून महिन्याला जी कमाई बुडते, ती गन आणि बॅटरीच्या महिन्याच्या खर्चापेक्षा जास्त निघाली तर बॅटरीची गन घ्यायची, तीही हवेची ठेवून. कमी निघाली तर तेच पैसे जाड पाइप आणि चांगल्या टॉर्क रेंचवर घालायचे.

"कोणती चांगली?" याचं उत्तर मी काकांना आजही दिलेलं नाही. पण आता ते त्यांचं त्यांना काढता येईल. तुमच्या प्रपोजलमधला "चांगलं" हा शब्द एकदा खोडून बघा, आणि त्या जागी काय मोजणार ते लिहा.