न नांगरलेल्या जमिनीचे भाडे

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम टोकाला सिमारॉन काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग आहे. धुळीच्या वादळातून वाट काढणाऱ्या शेतकरी पित्याचे व त्याच्या मुलांचे जगप्रसिद्ध छायाचित्र आर्थर रॉथस्टाइन यांनी १९३६ साली येथेच टिपले. गव्हाच्या हव्यासापायी गवताळ माळ नांगरले गेले होते. अवर्षण आले आणि उघडी पडलेली माती वाऱ्याने उडवून नेली.

धूप होणाऱ्या अशा जमिनींसाठी १९८५ च्या कृषी कायद्याने संवर्धन राखीव योजना आणली. शेतकऱ्याने आपले शेत दहा ते पंधरा वर्षे पिकाखालून काढावयाचे आणि तेथे गवत वा झाडे लावावयाची. त्या बदल्यात सरकार दरवर्षी एकरी भाडे देते, शिवाय लागवडीच्या खर्चाचा निम्म्यापर्यंत भार उचलते. पाऊस पडो वा न पडो, ही रक्कम ठरलेलीच. कर्जदार शेतकऱ्याला आणि त्याच्या बँकेलाही हा केवढा दिलासा!

गावाची बाजू मात्र निराळी. शेत पिकाविना राहिले की बियाणे, खते, डिझेल विकणाऱ्यांचा गल्ला आटतो, मजुराचे काम जाते. म्हणूनच एका काउंटीतील लागवडीयोग्य जमिनीपैकी साधारणतः २५ टक्क्यांहून अधिक क्षेत्र योजनेत घेता येत नाही. ही अट घालणाऱ्यांना ग्रामीण अर्थकारणाची नाडी नेमकी ठाऊक असावी.

२००७ साली योजनेखाली सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. पुढे धान्याचे भाव चढले. करार संपताच अनेकांनी पुन्हा नांगर धरला. २०१८ च्या कायद्याने तर सर्वसाधारण नोंदणीचे भाडे काउंटीच्या सरासरी दराच्या ८५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले.