हाडांचे स्थापत्य

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या घरातील आजी मोरीत घसरल्या आणि खुब्यापाशी हाड मोडले, असे तुम्ही ऐकले असेल. तुम्ही त्याच मोरीत घसरलात, तर बहुधा कोपर खरचटण्यावर भागते. असे का व्हावे?

प्रथम एक सोपा प्रयोग करा. वहीचा एक कागद दोन पुस्तकांवर आडवा ठेवून मध्यभागी खोडरबर ठेवा. कागद लगेच खचेल. आता त्याच कागदाची नळी करून कड चिकटवा आणि ती तशीच आडवी ठेवा. दोऱ्याने दोन-तीन खोडरबरे टांगली तरी ती पेलते. वस्तू वाकताना अक्षापासून दूर असलेल्या भागावर अधिक ताण येतो. अक्षाजवळच्या भागाला फारसे काम नसते. म्हणून थोड्या द्रव्यात बळकटी हवी असेल, तर नळी उत्तम. आपल्या हातापायांची लांब हाडे अशीच पोकळ असतात. गॅलिलिओने 1638 सालच्या आपल्या ग्रंथात या गोष्टीची चर्चा केली आहे.

लांब हाडांच्या टोकांशी मात्र आत बारीक काड्यांची जाळी असते. झुरिक येथील शरीररचनाशास्त्रज्ञ मेयर यांनी मांडीच्या हाडाच्या छेदातील ही जाळी दाखवली, तेव्हा अभियंता कुलमान यांना तिच्यात यारीतील ताणरेषांशी साम्य दिसले. मेयर यांचा हा अभ्यास 1867 साली प्रसिद्ध झाला. पुढे 1892 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक वुल्फ यांनी नियम मांडला: जसा भार पडेल, तसे हाड स्वतःला घडवते.

कारण हाड जिवंत असते. काही पेशी जुने हाड पोखरतात, तर काही नवे रचतात. भार नसेल तर पोखरणे वरचढ ठरते. अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातील खनिजे दरमहा सुमारे 1 ते 1.5 टक्क्याने घटतात. म्हणून त्यांना यानात रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो.

वय वाढल्यावर असेच घडते, पण सावकाश. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतरची काही वर्षे ही घट वेगाने होते. नळीची भिंत आतून पातळ होते, जाळीतील काड्या तुटतात. तुटलेली काडी सहसा पुन्हा जोडली जात नाही. या विरळपणालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तो वेदना न देता वाढतो; पुष्कळदा हाड मोडल्यावरच कळतो.

हाडांतील खनिजांचा साठा विशी-तिशीच्या दरम्यान सर्वाधिक असतो आणि त्याचा बराच मोठा भाग तुमच्या वयात जमतो. तेव्हा धावा, दोरीच्या उड्या मारा, खो-खो खेळा. मुलींनी तर मैदान मुळीच सोडू नये. कॅल्शियमसाठी दूध आणि नाचणी घ्या. 100 ग्रॅम नाचणीत ते सुमारे 350 मिलिग्रॅम असते. ते शोषण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. ते त्वचेत तयार करणारे अतिनील किरण अगदी सकाळच्या तिरप्या उन्हात फार थोडे असतात, कारण त्यांना वातावरणातून लांबचा मार्ग कापावा लागतो. ऊन थोडे चढल्यावर काही मिनिटे अंगावर घ्या.

घरातील वृद्धांची हाडे पुन्हा तरुण होणार नाहीत, पण रोजच्या चालण्याने झीज मंदावते. वैद्यकीय तपासणी करून औषधेही घेता येतात. आणि मोरीची फरशी कोरडी ठेवणे, भिंतीला धरायला दांडा बसवणे, रात्री वाटेत दिवा ठेवणे ही कामे तुम्ही आजच अंगावर घेऊ शकता.