औषध देणारे हात शिकत राहिले पाहिजेत

31 जानेवारी 2021. पोलिओ लसीकरणाचा रविवार. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी गावी पाच वर्षांच्या आतील बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना उलट्या होऊ लागल्या, यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सर्व मुले बचावली. पुढे तिघा कर्मचाऱ्यांवर कारवाई जाहीर झाली. त्यांत आशा व अंगणवाडी सेविकाही होत्या.

ही जुनी गोष्ट आम्ही आज का सांगतो? कारण आमच्या दोंडाईचात मिरचीच्या बाजारात हमाली करणाऱ्या बापाची लेक आज नर्स आहे, कुणाची सून आशा आहे. त्यांच्या हातून उद्या अशी चूक घडू नये आणि घडलीच तर सारे खापर त्यांच्याच डोक्यावर फुटू नये, ही आमची तळमळ आहे.

वहीत आकडा चुकला तर आम्ही कारकून मंडळी लाल शाईने दुरुस्त करतो. पोटात गेलेल्या थेंबाला लाल शाई चालत नाही. 2014 साली सीरियात गोवराच्या लसीत मिसळायच्या पाण्याऐवजी स्नायू सैल करणारे औषध मिसळले गेले. पंधरा बालके दगावली. दोन्ही औषधे एकाच फ्रीजमध्ये ठेवलेली होती. अमेरिकेत 1999 साली एका अहवालाने सांगितले की, तेथील रुग्णालयांत उपचारांतील चुकांमुळे दरसाल 44,000 ते 98,000 माणसे मरत असावीत. त्याच अहवालाचा निष्कर्ष असा की, बहुतेक चुका वाईट माणसांमुळे नव्हे, तर कामाच्या सदोष पद्धतीमुळे होतात.

म्हणून उपाय दोन. पद्धत सुधारणे आणि शिकत राहणे. औषध देताना पाच गोष्टी तपासाव्यात असे नर्सिंगमध्ये शिकवतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. विनयपिटकातील महावग्गातही शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्यांत पहिला औषध तयार करता येण्याचा आणि दुसरा पथ्य-अपथ्य ओळखण्याचा. आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घालणाऱ्या तथागतांच्या धम्मात करुणेबरोबर ज्ञानही लागते, हे ध्यानात घ्यावे.

आता हे शिक्षण मोबाइलवर आले आहे. कोरोनाच्या काळात, एप्रिल 2020 मध्ये, केंद्र सरकारने दीक्षा या मंचावर डॉक्टर, नर्स, एएनएम यांच्यासाठी आयगॉट अभ्यासक्रम सुरू केले. नर्सेसना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 150 तासांचे, तर महाराष्ट्रातील डॉक्टरांना 30 गुणांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागते. धुळे-नाशिकला रजा टाकून जाण्यापेक्षा घरी शिकता आले तर गरिबाच्या लेकीचे भाडे वाचते. हा मोठाच लाभ आहे.

पण दुसरी बाजूही पाहावी. आमच्या वस्तीतील एक नर्स भगिनी म्हणाली, "काका, ड्युटी, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास आटोपून रात्री दहाला मोबाइल उघडते. डोळे मिटतात. मग नुसती बटणे दाबत सर्टिफिकेट काढायचे." दोष तिचा नाही. असे सर्टिफिकेट भिंतीवर शोभेल, पण बारा मुलांना वाचवणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. हे शिक्षण सोप्या मराठीत असावे. त्याचा वेळ ड्युटीत धरावा. पडद्यावर पाहिलेले दवाखान्यात हाताने करून घ्यावे: बाटलीवरचे नाव मोठ्याने वाचणे, सारख्या दिसणाऱ्या बाटल्या वेगळ्या ठेवणे, लस व सॅनिटायझर एका टेबलावर न ठेवणे. आशांनाही त्यात सामावून घ्यावे. आणि थोडक्यात टळलेली चूक सांगणाऱ्या बहिणीला मेमो नव्हे, शाबासकी मिळावी. भीतीपोटी लपवलेली चूक पुन्हा घडते.

वाचकहो, आपलीही जबाबदारी आहे. महावग्गात रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. आजार आहे तसा सांगणे हा त्यांतलाच एक. दवाखान्यात जाताना जुनी चिठ्ठी व चालू गोळ्यांची पाकिटे न्यावीत. कोणते औषध सोसत नाही ते आधी सांगावे. "सिस्टर, हे कशाचे आहे?" असे नम्रपणे विचारावे. विचारणे म्हणजे अपमान नव्हे. घरची लेक-सून नर्स असेल तर रात्री तिच्या हातचे भांडे आपण घ्यावे आणि तिला तासभर शांतपणे शिकू द्यावे.

17 सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन. 2019 पासून तो पाळला जातो. त्या दिवशी आपल्या विहारात वस्तीतील नर्स, एएनएम, आशा भगिनींना बोलवावे आणि त्यांनी शिकलेले सर्वांना सांगण्याची विनंती करावी. बाबासाहेबांनी आम्हाला शिकायला सांगितले ते नोकरी लागेपर्यंतच नव्हे. ज्या हातांवर दुसऱ्याचे मूल विसंबले आहे, त्या हातांनी तर जन्मभर शिकावे.

जयभीम!